बेळगावात विचारत फिरावे

पाहुणे येणार असे ठरले, की फोनवरचा त्यांचा पहिला प्रश्न गाडीचा असतो. स्वतःची चारचाकी आणावी की रेल्वेने यावे, आणि रेल्वेने आलो तर दोन-तीन दिवस बेळगावात फिरायचे कसे? मी त्यांना गाडी आणू नका असेच सांगतो. आणलीच तर ती लॉजच्या आवारात लावून टाकावी आणि परतीच्या दिवसापर्यंत तिच्याकडे पाहू नये, असेही सुचवतो. यामागे व्यवहार आहेच. गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडेबाजार हा गावाचा गाभा. तिथे सणासुदीला माणसाला माणूस घासून जातो आणि दुचाकी लावायलाही जागा हुडकावी लागते. पण खरे कारण निराळे आहे. बेळगाव हे विचारत फिरण्याचे गाव आहे, आणि काचा वर करून बसलेला माणूस कुणाला काही विचारत नाही. मोबाइलमधला नकाशा त्याला मुक्कामी पोहोचवतो, नाही असे नाही; मात्र नकाशावरची नावे आणि इथल्या माणसांच्या तोंडची नावे यांची गाठ पडेलच याचा भरवसा नसतो, आणि मग पाहुणा आपल्याला हव्या त्या चौकात उभा राहूनच तो चौक शोधत बसतो.

गावाची ठेवण एकदा डोक्यात बसली की निम्मे काम झाले. लोंढ्याहून मिरजेकडे जाणारा लोहमार्ग गावाच्या मधूनच जातो. त्याच्या एका अंगाला पेठा आणि गल्ल्यांचे जुने गाव आहे. दुसऱ्या अंगाला शहापूर, खासबाग, वडगाव आणि पुढे अनगोळ. टिळकवाडी नैर्ऋत्येला या रुळांना धरूनच वाढली. पश्चिमेच्या अंगाला कॅम्प, म्हणजे लष्कराची छावणी, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आणि जुन्या झाडांच्या सावलीतले रुंद रस्ते. पूर्वेला किल्ला. मध्यवर्ती बसस्थानक किल्ल्याच्या बाजूला आणि रेल्वे स्थानक कॅम्पच्या बाजूला, त्यामुळे दोहोंच्या मध्ये दोन-तीन किलोमीटरचे अंतर पडते. सामान असेल तर ते रिक्षाने तोडावे, नसेल तर पायी. सांबऱ्याचा विमानतळ याहून पूर्वेला सुमारे १० किलोमीटरवर आहे. किल्ल्याजवळच्या तलावाकाठी २०१८ मध्ये ११० मीटर उंचीचा ध्वजस्तंभ उभारला गेला. त्याच्या देखणेपणाविषयी गावात मतभेद असतील, पण उघड्या जागी उभे राहून वर पाहिले की पूर्व कुठे आहे ते कळते, आणि नवख्या माणसाला एवढा उपकार पुरेसा असतो.

पत्ता सांगताना बेळगावकर रस्त्याचे नाव सहसा घेत नाही. तो गेट सांगतो, वेस सांगतो, सर्कल सांगतो, कॉर्नर सांगतो. टिळकवाडीत पहिले रेल्वे गेट, दुसरे रेल्वे गेट, तिसरे रेल्वे गेट अशी रांग आहे आणि अनगोळच्या बाजूला चौथे. या चार शब्दांवर अर्ध्या दक्षिण भागाचे पत्ते चालतात. तिसऱ्या गेटवर आता उड्डाणपूल झाला आहे, तरी तिथला रहिवासी ‘तिसऱ्या गेटाजवळ’ राहतो, पुलाजवळ नव्हे. बोगारवेशीत वेस उरलेली नाही. गोगटे सर्कल आणि आरपीडी कॉर्नर ही नावे पाटीवर वाचायला मिळोत न मिळोत, रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत सर्वांना ती तोंडपाठ असतात. शिवाय कर्नाटकात दुकानांच्या आणि संस्थांच्या फलकांवर निम्म्याहून अधिक, कायद्याच्या भाषेत ६० टक्के जागा कन्नडला द्यावी लागते. देवनागरी वाचत हिंडण्याची सवय असलेल्या पाहुण्याला त्यामुळे पहिले काही तास बावरल्यासारखे होते. अशा वेळी पाटी सोडावी आणि माणूस धरावा.

माणूस काय सांगेल याचा नमुना देतो. गणपत गल्लीतल्या सार्वजनिक वाचनालयाची वाट विचारली, तर उत्तर येते, “हे असंच सरळ जावा. मारुतीचं देऊळ लागतंय बगा. थितनं पुढं कुणालाबी इचारा.” शेवटचे वाक्य ऐकून पाहुण्यांना वाटते, की या गृहस्थांना अर्धवटच माहीत आहे. तसे नसते. लांबचे सगळे वळणावळणांसह सांगितले तर ऐकणारा विसरेल, हे सांगणाऱ्याला पुरते ठाऊक असते, म्हणून तो पाहुण्याला पुढच्या माणसाच्या हवाली करतो. हे वाचनालय १८४८ सालचे आहे, आणि तिथे वाट विचारत पोहोचेपर्यंत बाजारपेठेचा चांगला अर्धा भाग आपसूक पाहून झालेला असतो.

जुने गाव पायीच पाहावे याविषयी मी हट्टी आहे. रविवार पेठेतले घाऊक व्यापारी, नरगुंदकर भावे चौकातली गर्दी, पांगुळ गल्ली, मेणसी गल्ली, टिळक चौक, रामलिंगखिंड गल्ली हे सारे परस्परांपासून काही मिनिटांच्या अंतरावर आहे. रिक्षा केली तर एकेरी वाहतुकीमुळे तीच रिक्षा वळसा घालून नेते, आणि पैसे देऊन वेळ घालवल्याचे समाधान तेवढे मिळते. पायी चालत दक्षिणेकडे निघाले की कपिलेश्वराचे देऊळ लागते. दक्षिण काशी म्हणून त्याची ख्याती आहे. त्याला लागून रूळ आणि त्यावरून उड्डाणपूल. पूल ओलांडला की शहापूर. पावसाळ्यात मात्र छत्री जवळ हवी. पश्चिमेचे घाट जवळ असल्यामुळे इथला पाऊस तासाभरात आटोपणारा नसतो. जून सरला की दिवसच्या दिवस बुरबुर चालते आणि हवा एवढी गार होते, की गावाला गरिबांचे महाबळेश्वर म्हणण्याची जुनी पद्धत अगदीच गैरवाजवी वाटत नाही.

लांबच्या भागांसाठी शहर बस आहे, आणि ती पाहुण्यांनी एकदा तरी धरावी असे मला वाटते. मध्यवर्ती बसस्थानकाला लागून शहर बसचे स्थानक आहे. त्याला सगळे जण सीबीटी म्हणतात. बसच्या कपाळावरची पाटी कन्नडमध्ये असते, म्हणून नवखा माणूस फलाटावर उभा राहून गोंधळतो. अनुभवी प्रवासी पाटीकडे पाहतच नाही. तो ड्रायव्हरच्या बाजूच्या खिडकीखाली जाऊन मान वर करतो, “वडगाव?” एवढेच विचारतो आणि ड्रायव्हर मानेनेच होय किंवा नाही सांगतो. नाही असेल तर ती मान पुढच्या बसकडेही वळते, आणि तो इशारा समजून घ्यायचा असतो. आत चढल्यावर कंडक्टर कन्नडमध्ये सुरुवात करतो, समोरच्याने मराठीत उत्तर दिले की मराठीवर येतो आणि मागच्या आसनावरच्या आजीशी दख्खनी हिंदीत सुट्या पैशांवरून हुज्जत घालतो. हे सगळे एका थांब्यापासून दुसऱ्या थांब्यापर्यंतच्या अंतरात उरकते. उतरण्याचे ठिकाण त्याला तिकीट घेतानाच सांगून ठेवावे. तो विसरला तरी शेजारी बसलेली बाई विसरत नाही. “अवो, तुमचं दुसरं गेट आलं की, उतरा,” असे म्हणून ती आपल्याला जवळजवळ ढकलूनच देते.

तिकिटाच्या बाबतीत महाराष्ट्रातून येणाऱ्या भगिनींचा हमखास गैरसमज होतो. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेखाली बायकांना साध्या सरकारी बसमधून फुकट प्रवास आहे. शहर बसही त्यात येते. ही सोय मात्र कर्नाटकच्या रहिवाशांसाठी आहे आणि ओळखपत्र पाहूनच शून्य रकमेचे तिकीट मिळते. महाराष्ट्राच्या एसटीतली महिलांची अर्ध्या तिकिटाची सवलत आपल्या राज्याच्या हद्दीपाशी थांबते. कोल्हापूरहून निघालेली मावशी कागलच्या पुढे अर्ध्याची पूर्ण प्रवासी होते आणि बेळगावात उतरल्यावर, भोवतीच्या साऱ्या बायका फुकट जात असताना, ही एकटी पैसे मोजते. आमच्या नात्यातल्या एका आत्याबाईंनी यावर कंडक्टरला बरेच सुनावले होते. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि तिकीट फाडून हातात दिले. एवढे खरे, की या योजनेनंतर बसगाड्या पूर्वीपेक्षा भरून जातात, तेव्हा सकाळी कॉलेजच्या आणि संध्याकाळी कचेऱ्या सुटण्याच्या वेळा टाळलेल्या बऱ्या.

भाषेची धास्ती घेऊन येणारे पाहुणेही असतात. वर्तमानपत्रांतून बेळगावचे नाव बहुधा भांडणाच्याच संदर्भात वाचलेले असल्यामुळे तोंड उघडावे की नाही, असा त्यांना प्रश्न पडतो. वाद आहे आणि तो जुना आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हापासूनचा तो सल आहे, आणि २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. पण बसचा कंडक्टर किंवा चहाच्या गाड्यावरचा मुलगा हा काही त्या दाव्याचा निकाल देणारा अधिकारी नव्हे, आणि दोन दिवसांच्या पाहुण्याने त्याची परीक्षा घेण्याचे कारणही नाही. शहरात मराठीत विचारावे. समोरच्याला येत नसेल तर तो शेजाऱ्याला हाक मारतो. शहराबाहेर कोणत्या दिशेची बस धरली यावर पुढची भाषा ठरते. खानापूर, जांबोटी, येळ्ळूर, निपाणी या वाटांवर मराठीने भागते. गोकाक, बैलहोंगल, सौंदत्ती या वाटांवर कन्नड लागते, आणि तिकडे जायचे असेल तर “गोकाक होगतदेनरी?” एवढे एक वाक्य पाठ करून ठेवावे. उच्चार चुकला तरी चालते. शेवटचा तो ‘री’ मात्र गाळू नये, कारण सगळा आदर त्यात असतो.

बसस्थानकावरून किल्ला चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि तिथे पायीच जावे. तलाव ओलांडला की खंदक आणि तटाची भिंत दिसू लागते. आतला बराच भाग लष्कराच्या ताब्यात असल्याने कॅमेरा काढण्यापूर्वी आजूबाजूच्या सूचना पाहाव्यात. लोक किल्ल्यात येतात, तटावर उभे राहून छायाचित्र घेतात आणि कमल बस्तीकडे दुरूनच पाहून परत फिरतात, याचे मला नेहमी वाईट वाटते. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने १२०४ च्या सुमारास बांधवलेले हे नेमिनाथाचे जैन मंदिर आहे. बाहेरून ते बुटके आणि काहीसे गंभीर वाटते. आत मंडपात शिरल्यावर काळ्या दगडाचे खांब दिसतात. चरकावर धरून उतरवल्यासारखी त्यांची वळी इतकी नितळ आहेत, की हात फिरवण्याचा मोह आवरावा लागतो. मग मंडपाच्या मधोमध उभे राहून मान मागे टाकावी. छताच्या घुमटीतून दगडी कमळ खाली लोंबलेले आहे. पाकळ्यांचे एकात एक थर उतरत येतात आणि टोकाशी सारा भार एका बिंदूवर येऊन थांबतो. दारातून येणाऱ्या उजेडात बाहेरच्या पाकळ्यांच्या कडा दिसतात, आतल्या दिसत नाहीत. डोळे सरावायला दोन-तीन मिनिटे द्यावी लागतात, आणि रिक्षा बाहेर थांबवून आलेला माणूस नेमकी तीच देत नाही.

याच किल्ल्यात सफा मशीद आहे आणि रामकृष्ण आश्रमाच्या आवारात हरिपद मित्र यांचे घर जपलेले आहे. स्वामी विवेकानंद ऑक्टोबर १८९२ मध्ये बेळगावी आले, तेव्हा आधी भाटे वकिलांकडे आणि नंतर वनखात्यातल्या या मित्रबाबूंकडे राहिले होते. म्हणजे तेही थोड्या दिवसांचे पाहुणेच, आणि तेही एका मराठी घरातून दुसऱ्या बंगाली घरात विचारत गेलेले.

दुसरी पायपीट काँग्रेस रस्त्याची. गोगटे सर्कलपासून हा रस्ता टिळकवाडीकडे निघतो आणि रूळ बराच वेळ त्याच्या सोबतीला असतात. डिसेंबर १९२४ मध्ये इथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषवलेले हे एकमेव अधिवेशन. त्याची जुळवाजुळव गंगाधरराव देशपांडे यांनी केली होती, आणि लहानग्या गंगूबाई हनगल यांनी तिथे स्वागतगीत गायले होते. जमणाऱ्या हजारो माणसांच्या पाण्यासाठी खणलेली विहीर अजून जागेवर आहे. काँग्रेस विहीर म्हटले की कुणीही दाखवतो. शेजारी त्या अधिवेशनाचे स्मारक, वीरसौध, आहे. इथून पुढे चालत राहिलात तर गेटांची रांग लागते, आणि फाटक पडलेले असेल तर पाच-दहा मिनिटे थांबावे लागते. दुचाकीस्वार इंजिन बंद करून गप्पांना लागतात. वाट विचारायला याहून सोयीची वेळ नाही. कुणालाही कुठे जाण्याची घाई नसते, कारण जाताच येत नाही.

रिक्षाविषयी थोडे सांगितले पाहिजे. मीटर असतो, भाडे बोलूनच ठरते. बसण्यापूर्वी एखाद्या दुकानदाराला किंवा पोलिसाला ‘अमुक ठिकाणी जायला काय पडते’ असे विचारून घ्यावे आणि मगच रिक्षावाल्यापाशी जावे. आकडा बोलणाऱ्या रिक्षावाल्याशी घासाघीस करता येते. “द्या की तुम्हाला वाटतंय ते,” असे गोड बोलणाऱ्यापासून सावध राहावे, कारण उतरताना आपल्याला वाटलेले आणि त्याला वाटलेले यांत बरेच अंतर निघते. रात्री उशिरा रेल्वे स्थानकावर उतरणार असाल तर लॉजवाल्याकडूनच ओळखीची रिक्षा बोलावून घेणे श्रेयस्कर.

काही दिवस असे आहेत, की तेव्हा फिरण्याचे बेत करूच नयेत. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरते. हे भवन २०१२ मध्ये झाले. त्या काळात बऱ्या लॉजांच्या खोल्या सरकारी पाहुण्यांसाठी अडतात आणि महामार्गावर मोर्चे, बंदोबस्त, वळवलेली वाहतूक हे सगळे आले. १ नोव्हेंबरला एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिन असतो. सीमेवर काही खुट्ट झाले की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या आपापल्या हद्दीत थांबतात आणि प्रवासी निपाणी-कागलच्या मध्ये अडकतात. अशा वेळी रेल्वे सुरू असते हे लक्षात ठेवावे. याउलट, गर्दी असूनही मुद्दाम यावे असे प्रसंग म्हणजे वैशाखातली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आणि गणेश विसर्जन. विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत लांबते. तेव्हा गावात चाक फिरत नाही, आणि फिरण्याची इच्छाही कुणाला नसते.

गावाबाहेर जायचे तर एका दिवसाला एकच दिशा, याला मी अपवाद करत नाही. सकाळी गोकाकचा धबधबा, दुपारी हलशी, संध्याकाळी राजहंसगड असले बेत आखणारे पाहुणे तिन्ही ठिकाणचे वाहनतळ तेवढे पाहून येतात. गोकाकला घटप्रभेचे पाणी सुमारे ५२ मीटर खाली कोसळते. ते पावसाळ्यातच पाहावे. उन्हाळ्यात तिथे कातळ आणि माकडे असतात. हलशीची दिशा मला अधिक आवडते. खानापूरपर्यंत बस किंवा रेल्वे, पुढे नंदगडवरून. नंदगडला, इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णा यांना १८३१ मध्ये फाशी दिले गेले. त्यांच्या समाधीपाशी थोडे थांबावे. हलशी ही कदंबांची एके काळची दुसरी राजधानी. भूवराह नरसिंहाचे देऊळ आणि आजूबाजूची लहान देवळे पाहायला सगळी दुपार पुरते. गाव मराठी बोलते, देवळाची किल्ली कुणाकडे आणि गार पाणी कुठे हे विचारायला अडचण नाही. परतीच्या बसची वेळ मात्र उतरताच कंडक्टरकडून घ्यावी आणि समोरच्या किराणा दुकानदाराकडून पक्की करून घ्यावी. दोघांनी निराळ्या वेळा सांगितल्या तर दुकानदाराचे ऐकावे. ती बस रोज त्याच्या दारात उभी राहते.

परतताना कुंदा ही इथली मिठाई घेतल्याशिवाय कुणी जात नाही. तो स्थानकाच्या वाटेवर, शेवटच्या दिवशी घ्यावा म्हणजे दोन दिवस बॅगेत उबत राहत नाही. मांडे घेण्याचा मोह झाला तर आधी परतीच्या तिकिटाची स्थिती पाहावी. पापुद्र्याहून पातळ असलेला तो मांडा बॅगेत घातला की मिरजेपर्यंत त्याचा भुगा होतो. खिडकीची जागा असेल तर मांडीवर धरून नेता येतो. उभ्याने जायचे असेल तर बाजारातच खाऊन टाकावा.